तळहाताएवढा संगणक आणि गावाची देखभाल



परभणी जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात गेले तरी गावाच्या एखाद्या कोपऱ्यावर हातपंप उभा असलेला दिसतो. आजचा विषय संगणकाचा असला, तरी त्याचा आरंभ या हातपंपापासून करणे उचित ठरेल.

सुमारे पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या दिवसांत, मराठवाड्यासारख्या कठीण खडकाच्या प्रदेशात विंधन विहिरी मोठ्या प्रमाणावर घेण्यात आल्या. त्यांवर बसविलेले पंप ओतीव लोखंडाचे होते आणि मुळात एका कुटुंबाच्या वापरापुरते योजलेले होते. खेड्यात मात्र त्यांच्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत सारे गाव पाणी भरी. परिणामी पंप मोडत, दुरुस्तीस माणूस मिळत नसे आणि खाली पाणी असूनही वर घागर रिकामी राही. या अनुभवातूनच शेजारच्या जालना येथील मिशनच्या कार्यकर्त्यांनी पोलादी सांध्यांचा भक्कम पंप तयार केला. पुढे सोलापूर येथे त्यात सुधारणा झाली आणि त्यातूनच युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क-दोन' हा जगभर गेलेला हातपंप आकारास आला. त्याचा आराखडा कोणा एकाच्या मालकीचा ठेवण्यात आला नाही. ठरलेल्या मानकाप्रमाणे तो कोणत्याही कारखान्याने बनवावा, अशी मुभा राहिली. तरीही त्याच्या दुरुस्तीला जड अवजारे आणि फिरते पथक लागे. म्हणून पुढे 'मार्क-तीन' हा नमुना काढण्यात आला. त्याचा दट्ट्या गावातल्या गावात, साध्या अवजारांनी वर काढता येतो.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. यंत्राचा आराखडा खुला हवा, सुटे भाग सहज मिळावयास हवेत आणि दुरुस्तीचे ज्ञान यंत्राजवळच राहणाऱ्या माणसाकडे हवे. या तीन गोष्टींपैकी एक जरी उणी पडली, तरी शासनाने कितीही यंत्रे दिली असली तरी ती अखेर बंदच पडतात. शाळांतील आणि पंचायतींतील संगणकांची कथा यापेक्षा निराळी नाही. अनेक ठिकाणी संगणक आला, त्याची नोंद जडवस्तू नोंदवहीत झाली, काही महिने तो चालला आणि नंतर किरकोळ बिघाडामुळे त्यावर कापड पडले. ते कापड दूर कसे करावे, हाच आजचा विषय आहे.

एकफलकी संगणक म्हणजे काय?

संगणकाचे सर्व अवयव, म्हणजे प्रक्रियक, स्मृती, जोडण्या आणि चित्र दाखविण्याची व्यवस्था, एकाच लहान फलकावर बसविलेली असली, की त्यास एकफलकी संगणक म्हणतात. यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'रास्पबेरी पाय'. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांची संख्या आणि त्यांचा प्रत्यक्ष अनुभव घटत चालल्याचे तेथील काही अध्यापकांच्या ध्यानी आले. मुलांना निर्धास्तपणे हाताळता येईल, प्रसंगी बिघडला तरी परवडेल असा संगणक असावा, या हेतूने त्यांनी हा फलक तयार केला. तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तळहाताएवढाच. त्याला घरातील दूरचित्रवाणी संच पडदा म्हणून चालतो, साधा कळफलक व माऊस चालतो आणि कठीण चकतीच्या जागी नखाएवढे मेमरी कार्ड चालते. विजेचा खर्च तर नेहमीच्या टेबलावरील संगणकाच्या मानाने अगदीच थोडा. त्यामुळे तो लहानशा बॅटरीवर किंवा सौर संचावरही चालविता येतो. वीज जाण्या-येण्याचा ज्यांना नित्य अनुभव आहे, अशा जिंतूरकडील डोंगरपट्ट्यात किंवा गोदाकाठच्या गावांत या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

या फलकावर जी कार्यप्रणाली चालते तिचे नाव लिनक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत मुक्त आज्ञावलीची चळवळ सुरू केली. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने कार्यप्रणालीचा गाभा लिहून तो सर्वांसाठी खुला केला. या दोन प्रवाहांच्या संगमातून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली. ती घ्यावी, वापरावी, तपासावी, बदलावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा तिच्या परवान्यातच दिलेली आहे. 'रास्पबेरी पाय'साठी 'डेबियन' या लिनक्स-परिवारावर आधारलेली प्रणाली विनामूल्य मिळते. हातपंपाच्या खुल्या आराखड्याशी असलेले तिचे साम्य सहज ध्यानात यावे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करीत शिकण्याची पद्धती ग्रामीण मुलांसाठी रूढ केली. याच पाबळला २००२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. संस्थेच्या सहकार्याने 'फॅब लॅब' ही प्रयोगशाळा उभी राहिली. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील लहानशा शाळेत लिनक्सवर चालणारे मुलांचे छोटे संगणक देण्यात आले. ते यंत्र मुलांना साध्या पेचकसाने उघडता यावे अशीच त्याची रचना होती आणि जादा स्क्रू त्याच्या मुठीतच ठेवलेले होते. मुंबईच्या आय. आय. टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पाद्वारे लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध करून दिले आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांद्वारे डिजिटल शेतीचा प्रकल्प राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पांतर्गत हाती घेण्यात आला. अशा यंत्रांच्या पोटात सर्वसाधारणपणे छोटे संगणकच काम करीत असतात. उद्या याच जिल्ह्यातील मुलगा ती यंत्रे चालविणार असेल, तर त्याची ओळख आज शाळेतच व्हावयास हवी.

बिघाडाचे मूळ : वीज

हे संगणक बंद पडण्याची जी कारणे आहेत, त्यांत पहिला क्रमांक विजेचा लागतो. 'पाय-४' या नमुन्याला ५.१ व्होल्टचा आणि ३ अँपिअर देऊ शकणारा अडॅप्टर लागतो. व्यवहारात मात्र घरातला जुना मोबाइल चार्जर आणि बारीक केबल लावली जाते. येथे शाळेतील भौतिकशास्त्रच उपयोगी पडते. केबलीचा रोध पाव ओहम आणि प्रवाह २ अँपिअर धरला, तर केबलीतच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो. अडॅप्टरमधून ५.१ व्होल्ट निघाले तरी फलकापर्यंत ४.६ व्होल्टच पोहोचतात. दाब ४.६३ व्होल्टच्या खाली उतरला, की फलक तक्रार करू लागतो. पडद्यावर विजेच्या कडाक्याची लहान आकृती चमकते आणि 'पाय-३' व 'पाय-४' या नमुन्यांवरील लाल दिवा विझतो किंवा लुकलुकतो. संगणक मंदावणे, मध्येच पुन्हा सुरू होणे, जोडलेला पेन ड्राइव्ह नाहीसा होणे अशी लक्षणे दिसली, तर आज्ञावलीत दोष शोधण्यापूर्वी केबल आणि अडॅप्टर बदलून पाहावा. 'व्हीसीजेन-सीएमडी' या आज्ञेस 'गेट-थ्रॉटल्ड' असे विचारल्यास संगणक सुरू झाल्यापासून दाब उतरला होता काय, हे संगणक स्वतःच सांगतो. उत्तर शून्य आले, तर त्याची तक्रार नाही असे समजावे.

'पाय-५' या २०२३ च्या नमुन्याला याहून अधिक, म्हणजे ५ अँपिअरपर्यंतचा पुरवठा अपेक्षित आहे. म्हणून खरेदीच्या वेळी फलकाबरोबर त्याचाच अडॅप्टर घेणे आवश्यक होय. अडॅप्टरवर वाचविलेले शे-दोनशे रुपये पुढे संपूर्ण संगणक कपाटात बसवितात.

मेमरी कार्ड : सर्वांत नाजूक अवयव

दुसरे कारण मेमरी कार्ड. लिनक्स प्रणाली लिहावयाची माहिती प्रथम स्मृतीत साठविते आणि सवडीने कार्डावर उतरविते. हिशेबनीस दिवसभराच्या पावत्या गोळा करून सायंकाळी वहीत उतरवितो, त्यातलाच हा प्रकार. पावत्या उतरविल्या जात असतानाच कोणी वही ओढून घेतली, तर नोंद अर्धवट राहते. वीज अचानक गेली किंवा कोणी थेट प्लग काढला, तर नेमके हेच घडते. एखाद-दुसऱ्या वेळी प्रणाली पुन्हा सुरू होताना स्वतःच दुरुस्ती करून घेते. वारंवार असे झाले तर मात्र कार्ड कामातून जाते.

यावर उपाय चार आहेत. पहिला म्हणजे, संगणक नेहमी 'शट डाऊन' करूनच बंद करावा आणि हिरवा दिवा लुकलुकणे थांबल्यावरच प्लग काढावा. दुसरा उपाय लहान बॅटरी-पुरवठ्याचा, म्हणजे वीज गेल्यावर व्यवस्थित बंद करण्यापुरती सवड मिळते. ज्या संगणकावर केवळ वाचन व्हावयाचे आहे, उदाहरणार्थ शाळेतील ग्रंथसंग्रह किंवा मराठी विकिपीडियाची इंटरनेटविना चालणारी प्रत, त्यासाठी तिसरा उपाय आहे. तेथे प्रणालीच्या सेटिंगमधून 'ओव्हरले' व्यवस्था सुरू करावी. मग कार्डावर काहीही लिहिले जात नाही आणि वीज गेल्याने नुकसानही होत नाही. चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा. सर्व काही नीट चालू असतानाच कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढून ते पाकिटात, तारीख घालून, कपाटात ठेवावे. कार्ड बिघडले तर पाच मिनिटांत प्रत बसवून वर्ग पुढे चालविता येतो. जुळे कार्ड हाताशी नसलेली शाळा पुढचे पंधरा दिवस तंत्रज्ञाची वाट पाहते. हा फरक केवळ एका कार्डाचा आहे.

बाजारात बनावट कार्डेही असतात. वेष्टणावर ६४ गिगाबाइट छापलेले असते, पण प्रत्यक्षात त्याच्या काही अंशानेच जागा असते. ती भरली की पुढील माहिती निमूटपणे नष्ट होते. 'एफ-थ्री' या मुक्त आज्ञावलीने नवे कार्ड आधी पूर्ण भरून तपासता येते. खरेदीनंतर ही तपासणी करूनच कार्डाची नोंद साठ्यात घ्यावी.

कार्ड खरे असूनही भरून जाणे, हा आणखी एक नित्याचा प्रकार. अशा वेळी परवलीचा शब्द बरोबर घातला तरी संगणक पुन्हा पुन्हा प्रवेशाच्याच पडद्यावर आणून सोडतो आणि संगणक बिघडला असा समज होतो. 'डीएफ' ही आज्ञा दिल्यास किती टक्के जागा व्यापली आहे ते कळते. शंभर टक्के दिसले, तर नको असलेल्या चित्रफिती काढून टाकणे एवढीच दुरुस्ती पुरते.

सुरूच न होणारा संगणक

संगणक मुळीच सुरू होत नसेल, तर घाबरून न जाता दिव्यांकडे पाहावे. जुन्या नमुन्यांवर लाल दिवा विजेचा आणि हिरवा दिवा कार्डाच्या कामाचा असतो. लाल दिवा लागला आणि हिरवा मुळीच हलला नाही, तर कार्ड वाचले जात नाही असे समजावे. कार्ड काढून, त्याची सोनेरी टोके कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा नीट बसवावे. हिरवा दिवा ठरावीक गतीने चमकत असेल, तर त्या चमका मोजाव्यात. चार चमकांचा अर्थ आरंभाची फाइल सापडली नाही आणि सात चमकांचा अर्थ प्रणालीचा गाभा सापडला नाही, असा होतो. दोन्ही वेळी कार्ड नव्याने लिहिणे हाच उपाय. जुन्या नमुन्याचे कार्ड नव्या फलकात घातल्यासही हाच अनुभव येऊ शकतो, कारण जुन्या प्रणालीस नव्या फलकाची ओळख नसते.

'पाय-४' वर पडद्यासाठी दोन खाचा आहेत. पडदा कोरा राहिला, तर केबल विजेच्या खाचेलगतच्या खाचेत लावून पाहावी. पडद्याला आधी वीज द्यावी आणि मग संगणकाला. कित्येकदा दुरुस्ती एवढ्यावरच संपते.

उन्हाळा आणि धूळ

परभणीचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत हवा त्याहूनही तापते. या संगणकाचा प्रक्रियक ८० अंशांवर पोहोचला, की स्वतःची गती आपणहून कमी करतो आणि ८५ अंशांच्या आसपास ती आणखी घटवितो. हा बिघाड नसून ते आत्मरक्षण होय. वापरणाऱ्यास मात्र 'दुपारी संगणक झोपतो' एवढेच दिसते. उष्णता बाहेर टाकणारा अॅल्युमिनियमचा तुकडा आणि लहान पंखा बसविल्यास पुष्कळ फरक पडतो. बंद लोखंडी कपाटात, खिडकीच्या उन्हात किंवा इन्व्हर्टरवर संगणक ठेवू नये. सेलू-मानवतसारख्या कापसाच्या पट्ट्यात पंख्यात तंतू आणि धूळ साचते. महिन्यातून एकदा, वीज बंद करून, मऊ कुंचल्याने ती काढावी. शक्य असल्यास उन्हाळ्यात संगणकाचे तास सकाळीच घ्यावेत.

घड्याळ चुकले तर नोंद चुकते

साधा वाटणारा, पण कार्यालयीन दृष्टीने गंभीर असा एक दोष आहे. 'पाय-४' पर्यंतच्या फलकांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. 'पाय-५' वर ते आहे, परंतु त्याची बॅटरी वेगळी घेऊन जोडावी लागते. इंटरनेट असेल तर संगणक वेळ तेथून जुळवून घेतो. इंटरनेट नसेल तर शेवटी बंद केल्याच्या वेळेपासूनच त्याचे घड्याळ पुढे चालू लागते. शनिवारी दुपारी बंद केलेला संगणक सोमवारी सकाळी उघडला, तरी त्याच्या मते तो शनिवारच असतो. त्यावर हजेरी, पर्जन्यमान किंवा पाणीपुरवठ्याची नोंद ठेवली जात असेल, तर तारीख चुकते आणि चुकलेल्या तारखेची नोंद लेखापरीक्षणात नसल्यासारखीच ठरते. शिवाय तारीख फार मागे असेल, तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष जाळ्याला दिला जातो. 'डीएस-३२३१' या नावाचे लहान घड्याळ नाणेवजा बॅटरीसह मिळते. ते जोडले म्हणजे हा प्रश्न कायमचा मिटतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न

पडद्यावर मराठीच्या जागी रिकाम्या चौकटी दिसू लागल्या, तर त्याचा अर्थ एवढाच, की प्रणालीत देवनागरी टंक बसविलेला नाही. 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे मुक्त टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. ते बसविताच चौकटींच्या जागी अक्षरे येतात. टंकलेखनासाठी कळफलकाच्या मांडणीत मराठी इन्स्क्रिप्ट निवडावी. ती शासकीय कार्यालयांत रूढ आहेच.

याहून वेगळा प्रश्न जुन्या कागदपत्रांचा आहे. युनिकोडपूर्वीच्या काळात जे टंक वापरले गेले, त्यांत देवनागरीची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. असा मजकूर नव्या संगणकावर उघडला, की निरर्थक रोमन अक्षरांची ओळ दिसते. हा दोष लिनक्सचा नव्हे आणि संगणकाचाही नव्हे. तो मजकूर रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून युनिकोडमध्ये आणावा लागतो. गावच्या ठरावांची, शाळेच्या दाखल्यांची जी कागदपत्रे अशा टंकांत अडकून पडली आहेत, त्यांचे रूपांतर जितक्या लवकर होईल तितके बरे. तो टंक जाणणारी मंडळी निवृत्त झाल्यावर त्या फाइलींचा वाली कोणी राहणार नाही.

जाळे, परवलीचा शब्द आणि सुरक्षितता

वायफाय जोडले जात नसेल, तर प्रथम सेटिंगमध्ये देश म्हणून 'भारत' निवडला आहे ना, ते पाहावे. तो निवडल्याखेरीज या प्रणालीत वायफाय बंदच राहते. त्यानंतर 'पिंग' या आज्ञेने आधी खोलीतील राउटरला आणि मग बाहेरच्या संकेतस्थळाला हाक द्यावी. राउटरने ओ दिली आणि बाहेरून उत्तर आले नाही, तर दोष गावाबाहेरच्या जोडणीत आहे. संगणक उघडून बसण्यात अर्थ नाही.

एप्रिल २०२२ पूर्वीच्या प्रणालीत वापरकर्त्याचे नाव 'पाय' आणि परवलीचा शब्द 'रास्पबेरी' हे सर्वत्र एकच होते. ते जगजाहीर असल्याने पुढे ही पद्धत बंद करण्यात आली. जुनी कार्डे अजून वापरात असतील, तर परवलीचा शब्द आजच बदलावा. विद्यार्थ्यांची किंवा लाभार्थींची खासगी माहिती उघड्या कार्डावर ठेवू नये. कार्ड खिशातून सहज जाते आणि त्याबरोबर गावाचा विश्वासही जातो.

फलकावरील ४० टोकांच्या जोडणीला मातीतील ओलावा किंवा तापमान मोजणारे संवेदक जोडता येतात. विज्ञानप्रदर्शनासाठी हा उत्तम विषय आहे. मात्र ही टोके ३.३ व्होल्टचीच आहेत. त्यांवर ५ व्होल्ट दिल्यास फलक कायमचा निकामी होऊ शकतो. शेतावरील तीन फेजच्या मोटारीशी मुलांनी याची जोडणी मुळीच करू नये. ते काम परवानाधारक वीजतंत्रीचेच आहे.

दुरुस्तीची शिस्त

या साऱ्या बिघाडांच्या मुळाशी जाण्याची रीत एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. केबल, कार्ड आणि प्रणाली एकाच वेळी बदलली, तर संगणक चालू होतो, पण दोष कोठे होता ते कळत नाही आणि तोच दोष पुढील महिन्यात पुन्हा उभा राहतो. दुसरे असे, की लिनक्स प्रणाली आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद ठेवते. 'जर्नल-सीटीएल' ही आज्ञा दिल्यास ते रोजनामचे वाचावयास मिळते. कार्ड वाचताना त्रुटी आल्याच्या ओळी त्यात वारंवार दिसल्या, तर कार्ड मरणपंथास लागले आहे, हे ते बंद पडण्यापूर्वीच कळते. पडद्यावरचा इंग्रजी त्रुटिसंदेश जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यावा. 'संगणक चालत नाही' एवढ्या वाक्यावर दूरचा तंत्रज्ञ काही करू शकत नाही. नेमक्या संदेशावर मात्र तो दूरध्वनीवरूनही मार्ग दाखवू शकतो.

मर्यादा कोणत्या?

या लहान संगणकाकडून अवास्तव अपेक्षा बाळगणे योग्य नाही. काही शासकीय संगणकप्रणाली विशिष्ट कार्यप्रणालीसाठीच बनविलेल्या असतात. अंकीय स्वाक्षरीची टोकने, बोटांच्या ठशांची यंत्रे आणि काही मुद्रणयंत्रे यांना लागणारी आज्ञावली या फलकाच्या प्रक्रियकासाठी उपलब्ध असेलच असे नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातील मुख्य संगणकाच्या जागी हा फलक बसविण्यापूर्वी प्रत्यक्ष चाचणी घेणे अगत्याचे आहे. अध्ययन, ग्रंथसंग्रह, सूचनाफलक, हवामानाच्या नोंदी आणि आज्ञावली-लेखनाचा सराव ही त्याची खरी क्षेत्रे होत. फलकांच्या किमतीही स्थिर नसतात. २०२१-२२ मधील अर्धवाहकांच्या टंचाईत ते मिळेनासे झाले होते. म्हणून असलेला फलक टिकविणे हे नवा घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

गावाने काय करावे?

केरळ राज्याने शाळांतील संगणक शिक्षणासाठी लिनक्सचा स्वीकार केला, तेव्हा यंत्रांइतकेच लक्ष शिक्षकांच्या प्रशिक्षणावर दिले. पुढे २०१८ पासून तेथील माध्यमिक शाळांत 'लिटल काइट्स' ही विद्यार्थी-मंडळे सुरू झाली. शाळेतील यंत्रांची निगा राखण्याच्या कामात मुलांचाच हातभार लागतो. परभणीच्या नऊही तालुक्यांत असे काही करणे अशक्य नाही आणि त्यासाठी मोठ्या तरतुदीचीही वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक शाळेत सहावी ते आठवीच्या चार-पाच विद्यार्थ्यांचा, त्यांत निम्म्या मुलींचा, एक देखभाल गट असावा. प्रत्येक संगणकामागे एक जुळे कार्ड, एक जादा अडॅप्टर आणि एक जाड केबल असावी. संगणकाशेजारी एक दुरुस्ती वही टांगलेली असावी. त्यात दिनांक, लक्षण, काय बदलले आणि काय घडले, या चार रकान्यांत नोंद व्हावी. केंद्रातील शिक्षकांच्या मासिक परिषदेत या वह्या एकमेकांना दाखविल्या, तर एका शाळेने सोडविलेला प्रश्न दुसऱ्या शाळेला नव्याने सोडवावा लागणार नाही. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहील.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी वर्षाच्या अंदाजपत्रकात संगणक खरेदीबरोबर देखभालीसाठीही लहानशी रक्कम राखून ठेवावी. पाहणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी 'संगणक आहे काय?' या प्रश्नाबरोबरच 'जुळे कार्ड दाखवा' आणि 'वही दाखवा' असे विचारावे. पाहणीत जे विचारले जाते, तेच कार्यालयात व शाळेत जपले जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे. बिघडलेल्या यंत्राबद्दल मुलांना वा शिक्षकांना दोषी धरण्याची रीत मात्र सोडावी लागेल. यंत्र मोडेल या भीतीने ते कुलुपात ठेवले जाते आणि कुलुपातले यंत्र मोडलेल्या यंत्राहून अधिक उपयोगाचे नसते.

हातपंपाच्या बाबतीत मराठवाड्याने एकदा हे शिकून घेतले आहे. पाणी जमिनीत असणे पुरेसे नव्हते. ते घागरीत येण्यासाठी पान्हा हाती धरणारा माणूस गावातच असावा लागला. ज्ञानाचा साठा आज अशाच रीतीने गावाजवळ येऊन ठेपला आहे. तो खुल्या परवान्याचा आहे, मराठीत उतरू लागला आहे आणि तळहाताएवढ्या यंत्रातून मिळू शकतो. आठवीतली एखादी मुलगी हिरव्या दिव्याच्या चमका मोजून 'कार्ड बदलावे लागेल' असे सांगेल आणि ते स्वतः बदलेल, तेव्हा तो संगणक खऱ्या अर्थाने त्या शाळेचा झाला, असे म्हणता येईल. त्या दृष्टीने प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक पंचायतीने येत्या सत्रापासूनच आरंभ करावा.